मालदीव : सफारी बोटीच्या भटारखान्यातून

मालदीवची जाहिरात आपण सर्वांनी पाहिलेली आहे. निळे पाणी, पाण्यावर खांबांवर उभी असलेली लाकडी खोली आणि तिच्या पायरीवर पाय सोडून बसलेले नवे जोडपे. सिनेमातली मंडळी सुट्टीला तिथे जातात आणि त्यांचे फोटो आपल्या घरापर्यंत येतात. परंतु त्याच देशात आणखी एका तऱ्हेचा प्रवास चालतो. आठ दिवस बोटीवरच राहायचे, बोटीवरच जेवायचे, झोपायचे आणि दिवसातून तीन वेळा पाठीला हवेची बाटली बांधून समुद्रात उतरायचे. कशासाठी, तर समुद्रातली मोठाली जनावरे त्यांच्या घरात जाऊन पाहण्यासाठी. जगात इतर ठिकाणी या बोटींना लिव्हअबोर्ड म्हणतात. मालदीवात त्यांचे चालू नाव ‘सफारी बोट’.

मी तिथे पाहुणा म्हणून गेलो नव्हतो. २०१७ ते २०१९ या काळात दोन मोसम मी अशा बोटींवर आचारी होतो. जुने खलाशी जहाजावरच्या आचाऱ्याला भंडारी म्हणत, तोच मी. त्यामुळे या लेखातला निम्मा समुद्र भटारखान्याच्या खिडकीतून पाहिलेला आहे आणि निम्मा पाण्यात उतरून. ज्यांना पाहुण्यांचा समुद्र वाचायचा असेल त्यांच्यासाठी गुळगुळीत कागदाची मासिके आहेत.

मुंबईहून विमानाने निघाले की तीन तासांच्या आत माले येते. देश केरळच्या नैऋत्येला, हिंद महासागरात. सुमारे १,२०० बेटे, उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरलेली. त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवरच माणसांची वस्ती आहे. नैसर्गिक जमीन कुठेही अडीच मीटरपेक्षा उंच नाही. आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर उभे राहिले तर त्या देशातली सर्वांत उंच जागा खाली दिसेल, असा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला होता.

ही बेटे विखुरलेली दिसली तरी त्यांची मांडणी आहे. समुद्राखाली जुने ज्वालामुखीचे डोंगर खचत गेले आणि त्यांच्या कडेने पोवळ्याचे जीव वर वर वाढत राहिले. डोंगर बुडाला, कडे उरले. चार्ल्स डार्विनने १८४२ साली ही उपपत्ती मांडली. त्या पोवळ्याच्या कड्याला जगभर अॅटॉल म्हणतात, आणि हा शब्द जगाला मालदीवच्या धिवेही भाषेनेच दिलेला आहे. कडे अखंड नसते, मधेमधे फटी असतात. भरती-ओहोटीचे पाणी या फटींतून जोराने आत-बाहेर करते. त्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव येतात, त्यांना खायला लहान मासे, लहानांना खायला मोठे. म्हणून फटीच्या तोंडाशी शार्क उभे असतात, आपल्याकडे सकाळच्या पाळीला गिरणीच्या गेटवर माणसे उभी राहात तसे. सफारी बोटीचा सगळा धंदा या फटींच्या भरवशावर चालतो. कुठल्या अॅटॉलच्या कुठल्या फटीत, कोणत्या महिन्यात, पाणी कोणत्या दिशेला जाताना उतरायचे, हे ज्याला कळले तो खरा कप्तान.

भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात मला वाटले की हे लोक अरबी बोलतात, कारण लिपी उजवीकडून डावीकडे जाते. पण बटाट्याची पोती उतरवताना आमच्या बोटीवरचा तरुण खलाशी मोजू लागला : एकेय, देय, तिनेय, हतरेय, फहेय, हयेय, हतेय. मी थांबूनच ऐकले. मासा म्हणजे ‘मस’. रोटी म्हणजे ‘रोशी’. धिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, आणि त्या नात्याने मराठीची लांबची. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात. सकाळी खलाशी जे खातात ते ‘मस हुनी’ म्हणजे शिजवलेला ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, सगळे हाताने कुस्करून रोशीबरोबर. हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

आता बोट. तीस मीटरच्या आसपास लांब, तीन मजली, वीस पाहुणे आणि दहा-बारा कामगार. तिच्या मागे एक दुसरी लहान बोट असते, तिला धोणी म्हणतात. कोकणातल्या डोणीचीच ही बहीण. हवेच्या बाटल्या, त्या भरायचा कॉम्प्रेसर, रबरी पोशाख, शिशाची वजने, सगळे धोणीवर. कॉम्प्रेसरचा धडधडाट आणि ओल्या रबराचा वास पाहुण्यांच्या उशाशी नको, म्हणून ही सोय. आवाज आणि वास ज्यांच्या वाट्याला येतो ते धोणीवरचे कामगार, हे ओघानेच आले.

पहाटे पाचला मी चुलीपाशी. पाहुणे साडेपाचला उठतात, चहा-बिस्किटावर सूचना ऐकतात आणि सहाच्या सुमारास धोणीत बसून जातात. परत येतात तेव्हा भुकेने कासावीस झालेले असतात. नाश्ता, पुन्हा पाण्यात. जेवण, पुन्हा पाण्यात. कधी रात्रीही. पाण्याखाली माणूस फार काही करत नाही, तरी भूक मात्र नांगर ओढल्यासारखी लागते. समुद्राचे पाणी कोमट असले तरी अंगाची ऊब सतत काढून घेते, त्याची ही भरपाई. एका खेपेला बारा पाहुण्यांनी आठ दिवसांत सतरा किलो बासमती संपवला. मी वहीत लिहून ठेवलेले आहे.

पाण्याखाली श्वास घेण्याची ही युक्ती तशी साधी आहे. बाटली बारा लिटरची, पण तिच्यात दोनशे पट दाबाने हवा कोंबलेली असते. म्हणजे चोवीसशे लिटर. तोंडातले रेग्युलेटर नावाचे यंत्र आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा मोजून देते. हे यंत्र फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली तयार केले. दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते आणि बाटली लवकर संपते. मालदीवात करमणुकीसाठी बुडी मारणाऱ्यांना तीस मीटरची मर्यादा घातलेली आहे. दोन नियम सर्वांना पाठ असतात : श्वास कधीही रोखून धरायचा नाही आणि वर येताना घाई करायची नाही. श्वास रोखून वर आले तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. घाई केली तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा; त्यातून सांधे धरतात, पांगळेपण येऊ शकते, माणूस दगावतोही. म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. शेवटची बुडी मारल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसायचे नाही. पाहुणे शेवटचा दिवस डेकवर लोळून काढतात त्याचे कारण आळस नव्हे.

आईने फोनवर पहिल्यांदा विचारले ते हेच, “अरे, तिथला मासा माणसाला खात नाही का?”

मी तिला म्हणालो, “आई, आपण त्याला जास्त खातो.”

ते खरेही आहे. आपल्या बाजारात मोरी किंवा मुशी म्हणून जी कापून मिळते ती शार्कच्याच कुळातली, आणि तिचे कालवण माझ्याही घरी होत आले आहे. मालदीवात मात्र शार्क खाण्याची फारशी रीत नव्हती. तिथला माणूस ट्यूनावर जगतो. तोही जाळ्याने नाही, एका माणसाने एका काठीने एका वेळी एक मासा ओढून. शार्क धरत ते पंखांसाठी, जे परदेशात सूपासाठी जात, आणि यकृताच्या तेलासाठी. आमच्या कप्तानाचे वडील हे तेल काढत. त्याने होडीची लाकडे माखली की ती कुजत नाहीत. कप्तान सांगे की लहानपणी त्याच्या अंगालाही तो वास यायचा आणि शाळेत मुले लांब बसायची. हे सांगताना तो हसला. मी हसलो नाही. वासावरून लांब बसवणे म्हणजे काय ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१९९३ साली अँडरसन आणि हुधा अहमद या दोन अभ्यासकांनी मालदीवच्या शार्कांचा एक हिशेब मांडला. ‘फिश हेड’ या बुडीच्या प्रसिद्ध जागेवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क देशाला वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देतो. तोच मारला तर मासेमाराच्या हातात एकदाच ३२ डॉलर पडतात. हा हिशेब जगभर गाजला. आजही शार्क वाचवा म्हणणारे कुठेही तो सांगतात. मला त्यात एक गोष्ट खटकते. ३२ डॉलर कोणाच्या हातात पडत ते ठाऊक आहे, ३३,५०० कोणाच्या? त्या काळी पाहुण्यांची हॉटेले वेगळ्या बेटांवर होती आणि गावकऱ्यांची वस्ती वेगळ्या बेटांवर. गळ टाकणाऱ्याला सांगायचे की तुझा मासा जिवंत राहिला तर शेजारच्या बेटावरचा मालक श्रीमंत होतो, आणि त्याने ऐकावे अशी अपेक्षा करायची! पुढच्या काही वर्षांत त्याच फिश हेडवरचे शार्क झपाट्याने कमी झाले, यात मला नवल वाटत नाही.

२०१० साली मालदीवने सगळ्या देशात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. माझ्या मते ती टिकायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. त्याच सुमारास वस्तीच्या बेटांवरही पाहुणे ठेवायला परवानगी मिळाली. गावातला माणूस दोन खोल्या भाड्याने देऊ लागला, त्याचा मुलगा बुडीचा गाईड झाला, आणि शार्कचे डॉलर थोडे का होईना गावात झिरपू लागले. कप्तानाचा धाकटा भाऊ असाच गाईड आहे; वडील ज्या फटीत गळ टाकत त्याच फटीत तो पाहुण्यांना उतरवतो. वावू अॅटॉलमधल्या एका फटीचे नावच ‘मियारू कंडू’, म्हणजे शार्कची खाडी. तिथे कडेच्या खडकात आकडा अडकवून, प्रवाहात झेंड्यासारखे फडफडत, पाहुणे समोरून जाणारे शार्क बघतात. परंतु सगळे सुरळीत झाले असे समजू नये. २०२५ साली सरकारने खोल पाण्यातल्या गल्पर जातीच्या शार्कची मासेमारी पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले आणि त्यावर देशात व बाहेर बराच विरोध झाला. मासेमाराची बाजू आणि माशाची बाजू यांतला हा झगडा एका कायद्याने मिटत नाही.

व्हेल शार्कची गोष्ट निराळी. हा जगातला सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढला तर अठरा मीटरपर्यंत, म्हणजे बेस्टच्या दीड बसएवढा. नाव शार्क असले तरी शिकार करत नाही. तोंड उघडून पाणी आत घेतो आणि बारीक जीव गाळून खातो. मालदीवच्या दक्षिण आरी अॅटॉलच्या बाहेरच्या कडेला तो वर्षभर दिसतो आणि २००९ पासून ती कड राखीव आहे. तिथे दिसणारे बहुतेक सगळे वयात न आलेले नर, चार ते आठ मीटरचे. पोरेच म्हणायची. खोल थंड पाण्यात चरून आल्यावर ऊब घ्यायला ते वर येत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्याला शोधायला यंत्र नसते. धोणीच्या टपावर चार खलाशी उभे राहतात आणि कडेकडेने बोट हळू नेत पाण्यात काळी सावली शोधतात. स्वयंपाक उरकला की मीही चढत असे. डोळे दुखेपर्यंत पाणीच. मग एकदम कोणीतरी ओरडतो, “फेहुरिही!” आणि बोटीवर आग लागल्यासारखी धावपळ. दुसऱ्या मोसमाच्या शेवटच्या खेपेत गाईडने मला चष्मा आणि पायातले पंख दिले व म्हणाला, “शेफ, आज तूही.” मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. उडी मारली, डोके खाली घातले, आणि माझ्या खालून ठिपक्या-ठिपक्यांचे अंगण सरकत गेले. खरोखर अंगणच, राखाडी जमिनीवर रांगोळीचे पांढरे ठिपके काढून ठेवावेत आणि रेषा जोडायच्या राहाव्यात. मी सहा मीटरच्या त्या पोराच्या शेजारी मिनिटभर राहिलो असेन. डोळा लहान, गोल. त्याने माझ्याकडे पाहिले की नाही ते सांगता येत नाही. पाठीवरचा पंख अर्धा तुटलेला होता. बोटीच्या पंख्याने.

हे तिथे नेहमीचे आहे. ज्या बोटी त्याला पाहायला येतात त्यांचेच पंखे त्याला लागतात. नियम असे आहेत की अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर दूर राहावे, हात लावू नये, बोटीने वेग कमी ठेवावा. सुट्टीच्या दिवसांत एका माशामागे सात-आठ बोटी लागलेल्या मी मोजल्या आहेत. तेव्हा कोणता मीटर आणि कोणता नियम!

त्या ठिपक्यांची एक गंमत सांगतो. प्रत्येक व्हेल शार्कचे ठिपके वेगळे असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो घेतला की कोणता मासा ते ओळखता येते. फोटो जुळवायला संगणकात जे गणित वापरतात ते मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो जुळवण्यासाठी बनवलेले आहे. पाहुण्यांनी काढलेले फोटोही या नोंदीत जातात. मालदीवात या पद्धतीने पाचशेहून जास्त व्हेल शार्क ओळखले गेले आहेत.

हाच मासा आपल्या अरबी समुद्रातही येतो. गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर एके काळी तो शेकड्यांनी मारला जाई. २००१ साली भारत सरकारने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. मालदीवने त्याच्या शिकारीवर त्याआधीच, १९९५ मध्ये, बंदी आणली होती. आपल्या महाराष्ट्रात २०१८ पासून एक चांगली योजना आहे : संरक्षित जातीचा प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गरिबाच्या खिशाला हात न लावता प्राणी वाचवायचा असेल तर तो असाच वाचतो.

मार्च महिन्यात आमची बोट थेट दक्षिणेला गेली, विषुववृत्त ओलांडून फुवाहमुला बेटापर्यंत. हे बेट एकटेच, भोवती अॅटॉलचे कडे नाही, सर्व बाजूंनी खोल समुद्र. तिथे वाघशार्क दिसतात, तेही जगात क्वचितच दिसतील इतके; दोनशेहून जास्त निरनिराळे वाघशार्क तिथे ओळखले गेले आहेत, त्यांत बहुतेक माद्या. बंदराच्या तोंडाशी मासेमार ट्यूनाची डोकी आणि आतडी टाकत, त्यावर ते जमू लागले. आता गाईड दगडाखाली ट्यूनाचे डोके ठेवतात आणि पाहुणे रांगेने गुडघे टेकून बसतात. चार मीटरचा पट्टेवाला शार्क समोर वळसा घालून जातो. मी उतरलो नाही, आणि कोणी सांगितले असते तरी उतरलो नसतो. माणूस आणि अन्न यांची गाठ जनावराच्या डोक्यात बसवून देणे मला पटत नाही. रोज जेवण वाढणारा माणूस आहे मी. भुकेला सवय कशी लागते ते मला कळते.

मी त्या दिवशी बेटावर गेलो. तिथे हविट्टा नावाचा एक मोठा ढिगारा आहे, झाडोऱ्याने वेढलेला. तो बौद्ध स्तूपाचा अवशेष. मालदीव ११५३ साली इस्लामी झाला. त्याआधी कित्येक शतके तिथे बौद्ध धम्म होता. श्रीलंकेतले पुराणवस्तू अधिकारी एच. सी. पी. बेल यांनी १९२२ साली हे अवशेष तपासून नोंदवले. काशिधू बेटावर १९९६ नंतर एका विहाराचा पाया उकरून काढला, पोवळ्याच्या दगडात बांधलेला, आणि तिथे हजारो कवड्या मिळाल्या. कवडी हे मालदीवचे जुने धन. बंगालपर्यंत ती नाणे म्हणून चाले. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, त्या शब्दामागेही एक समुद्र आहे. मालेच्या संग्रहालयात बुद्धमूर्ती आणि इतर जुनी शिल्पे जपून ठेवली होती. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी राजकीय गोंधळात जमावाने आत घुसून त्यांतली बहुतेक फोडली. हविट्ट्यावर पाटी दिसली नाही. मी चप्पल काढून पाच मिनिटे उभा राहिलो. बरोबरचा खलाशी मुसलमान. त्याने काही विचारले नाही, फक्त माझी पिशवी धरली.

बोटीवरच्या कामगारांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कप्तान आणि गाईड बहुधा मालदीवचे. भांडी, खोल्या, इंजिन, कॉम्प्रेसर यांवर बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो आणि आपल्याकडचे केरळी-तामिळी. माझ्या हाताखालचा मुलगा बांगलादेशातल्या बारिसालचा, दलालाला कर्ज काढून पैसे दिलेला. मला दादा म्हणायचा. पहिल्या मोसमातल्या मालकाने आमचे दोन महिन्यांचे पगार अडकवले होते. शेवटी मिळाले, पण त्या दोन महिन्यांत त्या पोराच्या घरचे व्याज कोणी भरले? ज्यांची मुले अशा नोकरीला निघाली असतील त्यांनी करारपत्र हातात पडल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नये.

आणखी एक विचारावे : रात्री जागता पहारा असतो का? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २ सप्टेंबर २०१९ रोजी ‘कन्सेप्शन’ नावाच्या अशाच एका बोटीला पहाटे आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ पाहुणे आणि एक कर्मचारी, सगळे ३४ गेले. रात्री फिरता पहारा नव्हता, असे चौकशीत निघाले, आणि पुढे कप्तानाला शिक्षा झाली. ती बातमी आली तेव्हा मी मोसमाचा हिशेब घेऊन घरी आलेलो होतो. आमच्या बोटीवरही फोनच्या आणि दिव्यांच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावलेल्या असत. आमचा पहारा म्हणजे तो बारिसालचा पोरगा आणि मी, आलटून पालटून, कारण झोपायची जागा भटारखान्याला लागूनच होती.

पण त्या पहाऱ्यानेच मला मांटा दाखवला. मांटा म्हणजे आपल्या पाकटाचा थोरला भाऊ, शेपटीला नांगी नसलेला. मालदीवातला किनाऱ्याजवळचा मांटा पंख पसरून तीन ते साडेतीन मीटर रुंद भरतो. तोही गाळून खाणारा. त्याच्या पोटावरचे काळे डागही प्रत्येकाचे वेगळे, आणि २००५ पासून चाललेल्या नोंदीत मालदीवातले पाच हजारांहून जास्त मांटा ओळखले गेले आहेत. मादी काही वर्षांतून एकदाच वितते, तेही एकच पिल्लू. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बारीक जीवांचे ढग अॅटॉलच्या पूर्वेकडे साचतात. बा अॅटॉलच्या पूर्व कडेवर हनिफारू नावाचा खिसा आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढा. मे ते नोव्हेंबरच्या दिवसांत तिथे कधीकधी शंभरावर मांटा एका वेळी जेवायला येतात. २००९ पासून ती जागा संरक्षित आहे. तिथे आता बाटली बांधून उतरायला मनाई आहे, फक्त वरून पोहत पाहायचे.

आम्ही पाहिला तो हनिफारूत नाही. रात्री बोटीच्या मागच्या बाजूला मोठा दिवा पाण्यावर सोडतात. उजेडाला बारीक जीव जमतात, पावसाळ्यात खांबाच्या दिव्याला पाखरे जमतात तसे, आणि त्यांच्यामागे मांटा येतो. पाहुणे दमून झोपलेले. रात्रीचे एक वाजले असतील. पोरगा धावत आला, “दादा, आसेन, आसेन!” मी हातातले पातेले तसेच घेऊन गेलो. दिव्याखाली एक मांटा उलट्या कोलांट्या घेत होता. वर येई, पांढरे पोट दाखवी, मागे वळून खाली जाई, पुन्हा वर. तोंड सुपासारखे उघडे. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. पंखाचे टोक वर आले की फुटभर अंतरावर हात होता आमचा, पण दोघांनीही हात लावला नाही. पाऊण तास ते चालले. पोरगा फळीवर पोटावर झोपून बघत होता आणि मधेच म्हणाला की गावी सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन महिन्यांनी त्याने फोनवर बहिणीला सांगितलेच. तिने विचारले म्हणे, केवढ्याला विकला?

२०१६ साली तिथले पाणी इतके तापले की पाहणी केलेल्या पोवळ्यांपैकी निम्म्याहून जास्त पांढरी पडली. मी गेलो तेव्हा उथळ खडक सिमेंटच्या राडारोड्यासारखे दिसत. गाईड पाहुण्यांना त्यावरून लवकर पुढे नेत. मोठी जनावरे अजून येतात, पण ती ज्या खडकाच्या आधाराने येतात त्याचे हे हाल आहेत.

खर्चाचा प्रश्न वाचक विचारतीलच. आठवड्याची खेप साधारण दीड हजार ते अडीच हजार डॉलर माणशी, म्हणजे सव्वा ते सव्वादोन लाख रुपये, विमानभाडे वेगळे. त्याआधी बुडी शिकल्याचे प्रमाणपत्र हवे. आपल्या घरातून इतके पैसे निघणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मात्र शिकण्याची सोय जवळ आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा शिकवणारे केंद्र काढलेले आहे, आणि मालवणातली मच्छीमारांची कित्येक मुले आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाहुण्यांना बुडी घडवून पोट भरतात. गाईडचे काम आचाऱ्यापेक्षा जास्त पगाराचे आहे आणि त्यात मुलीही आहेत. आमच्या दुसऱ्या बोटीवरची गाईड एक श्रीलंकन मुलगी होती, वीस जणांना शिट्टीवर चालवायची. ज्याला या वाटेने जायचे असेल त्याने आधी नुसते पोहणे पक्के करावे. दोनशे मीटर न थांबता, आणि दहा मिनिटे हात-पाय न आपटता पाण्यावर तरंगत राहणे. परीक्षेला पहिल्यांदा तेच करून दाखवावे लागते.